न्ग्लांगेरान गाव, जोग्जा: बघायला येणाऱ्यांचे आणि पैसे गुंतवू इच्छिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी इंडोनेशियात जोग्जाला राहते (योग्यकार्ताला इथे सगळे जोग्जाच म्हणतात) आणि घरी पाहुणे आले की न्ग्लांगेरानला जाणं ठरलेलंच. फोटो टाकले की मेसेज सुरू होतात, कसं जायचं, जेवायचं काय, आणि हल्ली "तिथे जागा मिळेल का हो" हे तर फारच. तेच तेच पुन्हा टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. प्रश्नांना नंबर दिलेत कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलंय, आणि जमिनीबद्दल विचारणाऱ्यांनी कृपया ११ ते १५ सगळे वाचा, मधलाच एक वाचून विमानाचं तिकीट काढू नका.

१. हे गाव नक्की कुठे आहे?

जावा बेटावर, योग्यकार्ता विशेष प्रांतात, गुनुंगकिदुल जिल्ह्यात, पातुक तालुक्यात. शहरापासून साधारण २५ किलोमीटर, गाडीने तासाभरात पोचता. पियुंगान गेलं की घाट लागतो, तो चढून वर आलं की हवा बदलते. गावात पाच वाड्या आहेत, त्यातल्या दोघींची नावं न्ग्लांगेरान वेतान आणि न्ग्लांगेरान कुलोन, जावानीजमध्ये वेतान म्हणजे पूर्व आणि कुलोन म्हणजे पश्चिम, म्हणजे आपल्याकडे असतात तसंच, खुर्द-बुद्रुक सारखं. या प्रांतात गावाला आता सरकारी कागदावर 'कालुराहान' म्हणतात, बाकी इंडोनेशियात 'देसा'. देसा हा आपला देशच, संस्कृतातून आलेला.

२. एवढं बघण्यासारखं काय आहे?

मुख्य म्हणजे गुनुंग आपी पुर्बा, म्हणजे प्राचीन ज्वालामुखी. शेतातून अचानक उभे राहिलेले काळेकरडे प्रचंड कातळ, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. त्याच्यासमोरच्या टेकडीवर एक तळं आहे, एंबुंग म्हणतात, २०१३ मध्ये सुलतान हामेंग्कुबुवोनो दहावे यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. लोक तिथे सूर्यास्ताच्या फोटोसाठी जातात पण ते बांधलंय बागेला पाणी द्यायला, खाली २० हेक्टरवर दुरियान आणि लोंगनची (लिचीच्या कुळातलं फळ) झाडं लावलीत. तिथे पोहायचं नाही. शिवाय भातखाचरांमधून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा केदुंग कांदांग धबधबा, पण तो पावसाळ्यातच. कोकोच्या बागा, बकऱ्यांचे गोठे, चॉकलेटचं छोटं युनिट (प्रश्न १०) आणि डोंगरावरची सात घरांची वाडी (प्रश्न ९).

३. ज्वालामुखी म्हणजे भीती नाही ना? आणि किती जुना आहे?

हा कधीचाच विझलेला आहे. बातम्यांमध्ये येतो तो मेरापी, तो वेगळा, तिकडे उत्तरेला, आकाश स्वच्छ असेल तर एंबुंगवरून दिसतो. वयाबद्दल गावात आणि नेटवर ६ ते ७ कोटी वर्षं असा आकडा सगळीकडे लिहिलेला दिसेल, पण भूगर्भशास्त्रात न्ग्लांगेरानचा हा खडक मायोसीनच्या सुरुवातीचा धरतात, म्हणजे साधारण २ कोटी वर्षांपूर्वीचा. तरी काही कमी नाही, आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट त्याहून जुना आहे हे मात्र इथल्या गाईडला सांगितलं की तो खूश होऊन ऐकतो. हा कातळ बेसाल्टसारखा थरांचा नाही, दगडगोटे ज्वालामुखीच्या राखेत घट्ट बसून झालेला आहे, जवळून बघितलं की चिक्कीसारखं दिसतं. हा सगळा भाग गुनुंग सेवू जिओपार्कमध्ये (खडक-डोंगरांचा वारसा म्हणून जपलेला प्रदेश) येतो, युनेस्कोने २०१५ मध्ये त्याला जागतिक जिओपार्क केलं.

४. एवढं छोटं गाव प्रसिद्ध कसं झालं?

याचं उत्तर थोडं लांब देते कारण मला या गावाबद्दल सगळ्यात जास्त हेच सांगायचं असतं.

हा डोंगर पूर्वी उघडाबोडका होता, लोक लाकूड तोडायचे, दगड काढायचे. १९९९ च्या सुमारास गावातल्या तरुणांच्या मंडळाने (कारांग तारुना म्हणतात, प्रत्येक गावात असतं) तिथे झाडं लावायला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून नाममात्र तिकीट घ्यायला सुरुवात केली. २००६ च्या मे महिन्यात जोग्जाचा मोठा भूकंप झाला, साडेपाच हजारांवर माणसं गेली, त्यातून सावरल्यावर पर्यटनाचं काम नीट मांडून सुरू झालं. मग सोशल मीडिया आला आणि २०१४ मध्ये एका वर्षात सव्वातीन लाख लोक आले. एवढ्याशा गावात! कचरा, पायवाटा खचल्या, गाड्या लावायला जागा नाही, आणि एवढं होऊन माणसं तिकीट काढून, फोटो काढून दोन तासांत परत.

तेव्हा गावाने तिकीट वाढवलं. मुद्दाम. माणसं कमी करायची आणि जी येतील ती राहतील, जेवतील, काहीतरी शिकून, विकत घेऊन जातील असं बघायचं. २०१७ मध्ये येणारे दीड लाखावर आले, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि उत्पन्न मात्र १४० कोटी रुपियाच्या आसपास होतं ते १९० कोटींच्या आसपास गेलं (रुपिया हां, आपले रुपये नव्हेत, हिशोब प्रश्न ८ मध्ये). मला विचाराल तर हा निर्णय त्या डोंगरापेक्षा मोठा आहे, कारण चालू गर्दी स्वतःहून कमी करायला फार हिंमत लागते. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने पहिल्यांदाच जगातली उत्तम पर्यटन गावं निवडली, ४४ होती, त्यात हे एक. त्याच यादीत आपल्याकडचं तेलंगणातलं पोचमपल्ली पण होतं.

५. भारतातून कसं यायचं, व्हिसा लागतो का?

कुआलालंपूर, सिंगापूर किंवा जकार्ता मार्गे जोग्जाच्या नवीन विमानतळावर उतरायचं. हा विमानतळ शहराच्या पश्चिमेला बराच लांब आहे आणि गाव पूर्वेला, त्यामुळे उतरल्या उतरल्या थेट गावात जाऊ असा हिशोब करू नका, ट्रेनने चाळीसेक मिनिटांत शहरात या, एक रात्र थांबा आणि सकाळी निघा. जकार्ताहून रेल्वेने पण मस्त येता येतं. भारतीय पासपोर्टवर आल्यावर व्हिसा मिळतो, ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया, एकदा ३० दिवस वाढवता येतो, आधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. या व्हिसावर काम करता येत नाही (प्रश्न १७).

शहरातून गावापर्यंत सरळ सिटी बस नाही. ॲपवरून गाडी मिळते पण परतीची मिळत नाही, म्हणून दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर इंटरनॅशनल लायसन्स पाहिजेच, आणि पियुंगानच्या घाटात ब्रेक बघूनच उतरा, तिथे ट्रक खूप असतात.

६. कुठल्या महिन्यात यावं?

मे ते ऑक्टोबर कोरडं. चढायचं असेल तर हेच महिने. धबधबा आणि हिरवीगार भातशेती पाहिजे तर नोव्हेंबर ते एप्रिल, पण तेव्हा दुपारनंतर पाऊस आणि विजा, उघड्या कातळावर विजेत कोणीही थांबू नये, गाईड नको म्हणाला तर वाद घालू नका. ईदच्या आठवड्यात (इथे लेबारान) सगळा जावा गावी जातो, रस्ते तुंबतात. रमजानमध्ये दिवसा खानावळी बऱ्याच बंद, घरी उतरला असाल तर मात्र तुमच्यासाठी जेवण करतात.

७. आई-बाबांना चढता येईल का?

शिखरापर्यंत एक ते दीड तास. बाबांना सिंहगड जमत असेल तर हे जमेल, पण दोन मोठ्या कातळांच्या मधली एक फट आहे तिथून एका वेळी एकच माणूस जातो, आणि काही ठिकाणी शिडी-दोर आहे. गुडघे दुखत असतील तर वाटेतल्या पहिल्या थांब्यापर्यंत जाऊन बसायचं, तिथूनही छान दिसतं. नाहीतर एंबुंगला न्या, तिथे पायऱ्या आहेत पण चढण थोडी. दिवसाचं आणि रात्रीचं तिकीट वेगळं, परदेशी पाहुण्यांना जास्त पडतं. भारतीय चेहरा बघून काही जण सूट मागतात, मागू नका हो, पैसे गावातच जातात.

८. राहायचं कुठे, आणि पैशांचा हिशोब कसा लावायचा?

लोकांच्या घरात. हॉटेल शोधू नका, गावातल्या घरांमध्ये होमस्टे आहेत आणि ते गावची समिती वाटून देते, म्हणजे आज या घरी पाहुणा तर उद्या दुसऱ्या. त्यामुळे "मागच्या वेळचंच घर द्या" असं म्हटलं तर मिळेलच असं नाही. खोली साधी, स्वच्छ, गार पाण्याची अंघोळ, बादलीतून डबड्याने. घरातल्या बाईंना 'इबू', पुरुषांना 'पाक' म्हणायचं, नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. चपला बाहेर.

पैसे: 'रिबू' म्हणजे हजार, 'जुता' म्हणजे दहा लाख, 'मिलियार' म्हणजे शंभर कोटी. इंडोनेशियन लोक बोलताना रिबू गाळतात, "पचास" म्हटल्यासारखं नुसतं "लिमा पुलू" म्हणतात आणि ते पन्नास हजार असतात. आपल्या एका रुपयाला साधारण १८०-१९० रुपिया धरा. गावात रोख ठेवा. दोन रात्री पुरेशा आहेत, एक कमी पडते.

९. ती सात घरांची वाडी काय आहे? तिथे राहता येतं का?

कांपुंग पितू. पितू म्हणजे जावानीजमध्ये सात. डोंगराच्या पूर्वेकडच्या माथ्यावर ही वाडी आहे आणि तिथे कुटुंबप्रमुख सातच असायचे, आठवा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुलगा-मुलगी लग्न करून वेगळी चूल मांडणार असतील तर खाली उतरायचं, जागा रिकामी झाली तरच वर. लोक विचारतात जबरदस्ती कोण करतं, तर कोणी नाही, मानतात म्हणून आहे. वाडीजवळ एक तळं आहे, तिथे स्वर्गातला घोडा अंघोळीला यायचा अशी गोष्ट सांगतात.

न्ग्लांगेरानमध्ये वायांग (बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, महाभारत-रामायणाचे) न करण्याचाही संकेत आहे. गावाचं नाव 'न्ग्लांगार' म्हणजे मोडणं, नियम ओलांडणं यावरून आलं असं सांगतात, की पूर्वी सुगीच्या उत्सवात आलेल्या खेळवाल्याच्या बाहुल्या गावकऱ्यांनी खराब केल्या आणि त्याची शिक्षा झाली. म्हणून कौतुकाने सुद्धा मोबाईलवर वायांग लावून बसू नका.

सात घरांच्या वाडीत जायचं तर समितीला विचारून, गावातलं माणूस सोबत घेऊन, आणि घरांच्या आत डोकावून फोटो काढायचे नाहीत. बघून खाली यायचं, मुक्काम प्रश्न ८ प्रमाणे.

१०. आम्ही प्युअर व्हेज आहोत, खायचं काय? आणि चॉकलेट म्हणतात ते काय?

टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, भाज्या, भात, केळी, भरपूर आहे. पण नुसतं 'वेजिटेरियन' म्हणून भागत नाही, कारण चटणीत तेरासी असते, म्हणजे सुक्या कोळंबीची पेस्ट, आणि त्यांच्या मते ती मांस नाहीच. "तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी" हे पाठ करा: मांस नको, मासे नको, तेरासी नको. अंडं नको असेल तर "तानपा तेलुर". गुदेग म्हणजे कच्च्या फणसाची गोडसर भाजी, कोकणातल्या माणसाला घरची आठवण येते, पण त्यात बहुतेक वेळा अंडं आणि कोंबडी सोबतच शिजलेली असते तेव्हा विचारून घ्या. थिवुल नक्की खा, वाळवलेल्या कसाव्याच्या पिठाचा वाफवलेला प्रकार, आपला साबुदाणा पण कसाव्याचाच. गुनुंगकिदुल कोरडवाहू भाग, भात पिकायचा नाही तेव्हा लोक यावर जगले. तळलेले टोळ पण मिळतात, ते ज्यांना चालतं त्यांनी बघावं.

आता चॉकलेट. कोको गावात आधीपासून होता पण शेतकरी ओल्या बिया तशाच व्यापाऱ्याला देऊन टाकायचे, जो भाव मिळेल तो. नंतर बिया पाचेक दिवस आंबवून, वाळवून, गावातच पावडर आणि चॉकलेट करायला लागले. २०२४ मध्ये जगभर कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा या आंबवण्याची किंमत सगळ्यांनाच कळली. इथली खास गोष्ट म्हणजे बकरीच्या दुधातलं चॉकलेट. आणि ही बकरी आपलीच! 'पेरानाकान एतावा' जात, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या इटावाची जमनापारी आणि जावाची गावठी यांचा संकर. कोकोच्या टरफलांचा चारा बकरीला, बकरीचं खत कोकोला.

११. मला तिथे थोडी जागा घ्यायची आहे, मिळेल का?

परदेशी माणसाला मालकी हक्काने नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात 'हाक मिलिक' म्हणजे पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला मुदतीचा वापर-हक्क किंवा भाडेपट्टा, कंपनीला बांधकाम-हक्क, एवढंच. बालीत चालतं ना, असं विचारतात, तर बालीतही कायदा हाच आहे. आणि जोग्जा त्याहून कडक आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

१२. तिथल्या मित्राच्या नावावर घेतली आणि आपसात करार केला तर?

नका करू. असा करार कायद्याने रद्द धरला जातो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते, भरलेले पैसे मागता येत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे असेच पैसे गेले, मित्र चांगला होता, तो वारला, त्याच्या मुलांनी कागद दाखवला आणि विषय संपला. दलाल "सगळे करतात" म्हणतो, कोर्टात तो तुमच्या बाजूला उभा राहत नाही.

१३. माझी बायको इंडोनेशियन आहे, मग तरी?

तिच्या नावावर होऊ शकते, पण लग्नाआधी किंवा नंतर संपत्ती वेगळी ठेवल्याचा करार नोटरीकडे केलेला असेल तरच. नसेल तर ती मिळकत दोघांची धरली जाते आणि तुम्ही परदेशी म्हणून तिलाही अडचण. लग्नानंतर असा करार करायची मुभा तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर मिळाली, त्याआधी फक्त लग्नाआधीच करता यायचा. वारसाने परदेशी माणसाकडे मालकी आली तर एका वर्षात सोडावी किंवा हस्तांतर करावी लागते. मुलं दुहेरी नागरिकत्वाची असतील तर मोठी झाल्यावर एक निवडावं लागतं, त्याचा परिणाम इथेही होतो.

१४. जोग्जाची जमीन वेगळी म्हणजे कशी? डोंगराखालची मोकळी जागा रिसॉर्टला घेता येईल का?

या प्रांतात अजून सुलतानच गव्हर्नर आहेत, २०१२ च्या विशेष कायद्याने, आणि बरीच जमीन राजघराण्याची आहे, तिला 'सुलतान ग्राउंड' म्हणतात. न्ग्लांगेरानचा डोंगर त्यातच, गाव तो परवानगीने सांभाळतं. दुसरी 'तानाह कास देसा', गावाची सामाईक जमीन, आपल्या गायरानासारखी समजा. ती विकता येत नाही आणि भाड्याने द्यायलाही वरून परवानगी लागते. २०२३ मध्ये प्रांतातल्या एका दुसऱ्या गावाचे प्रमुख अशा जमिनीच्या गैरवापराच्या प्रकरणात आरोपी झाले, तेव्हापासून कोणी तोंडी "सरपंच बघून घेतील" म्हणालं तर तिथून निघा.

एक अपवाद अजून, जो ऐकून लोक चकित होतात. १९७५ च्या प्रांताच्या एका सूचनेनुसार 'नॉन-प्रिबुमी' धरले जाणारे, म्हणजे मुख्यतः चिनी वंशाचे इंडोनेशियन नागरिक, यांनाही इथे पूर्ण मालकी मिळत नाही. कोर्टात आव्हान दिलं गेलं, सूचना टिकून आहे. मला स्वतःला हे अन्यायाचं वाटतं पण भागीदार निवडताना माहिती असलेलं बरं.

त्यामुळे रिसॉर्टचं उत्तर नाही असंच धरा. शिवाय जिओपार्कच्या हद्दीत कातळ फोडून बांधकाम गावालाच नको आहे.

१५. कंपनी काढून होमस्टे चालवला तर?

परदेशी भांडवलाची कंपनी (पेते पेएमआ) काढता येते, पण ती कायद्याने 'मोठा उद्योग' धरली जाते, म्हणजे गुंतवणूक जमीन आणि इमारत सोडून १० मिलियार रुपियाच्या वर, आपले पाच कोटींच्या वर. तीन खोल्यांच्या होमस्टेसाठी हे बसतच नाही, आणि तेच अपेक्षित आहे, छोटे धंदे तिथल्यांसाठी राखलेले आहेत. पाच कोटी असतील तरी या गावात त्यांची गरज नाही, शहरात हॉटेल काढा.

१६. मग आमच्यासारख्यांनी पैसे घालायचे कसे?

मालक म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून या. ज्यांचं जमलं ते सगळे असेच आले. टूर कंपनी असेल तर वर्षभरात इतके ग्रुप, इतक्या रात्री असं आधी ठरवून द्या, आगाऊ रक्कम द्या, शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी लोक आणा, त्याची त्यांना खरी गरज आहे. चॉकलेट-कोको पावडर आणायची असेल तर भारतात आयात कोड आणि एफएसएसएआयचं लायसन्स लागेल, लेबल मराठीत नसलं तरी चालेल पण हिरवी-तपकिरी खूण आणि आयातदाराचा पत्ता लागतो. आसियान-भारत व्यापार करारात ड्युटीची सवलत मिळते का ते कस्टम एजंटकडून माल मागवायच्या आधी तपासा, सवलतीसाठी उगम-प्रमाणपत्र तिकडूनच निघावं लागतं. पहिल्यांदा थोडाच माल, आणि हवाई, कारण समुद्रमार्गे उन्हात चॉकलेट पांढरं पडतं. बोलणी समितीशी, एकेका घराशी परस्पर भाव ठरवू नका, त्याने गावात भांडणं लागतात.

१७. टुरिस्ट व्हिसावर दोन महिने राहून इंग्रजी शिकवलं तर? फुकट!

फुकट असलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं आणि तुमच्याबरोबर यजमानालाही त्रास होतो. संध्याकाळी घरातल्या मुलांशी गप्पा मारा, तेवढं पुष्कळ. बैठकीसाठी, माल बघण्यासाठी यायला हाच व्हिसा चालतो.

१८. आमच्या गावातल्या लोकांना घेऊन शिकायला येता येईल का?

हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून जुन्नर, भोर, दापोली अशा भागातून विचारणा होते. इथे याला 'स्तुदी बांदिंग' म्हणतात, इंडोनेशियातल्या गावांचे लोक बसेस भरून इथे येतात, त्यामुळे समितीला सवय आहे. पंधरा-वीस जण, दोन रात्री, जावानीज किंवा इंडोनेशियन येणारा दुभाषा सोबत. महिनाभर आधी कळवा आणि काय शिकायचंय ते नेमकं लिहा, म्हणजे तिकिटाचे पैसे कसे वाटतात, होमस्टेची पाळी कशी लावतात, कोकोचं आंबवणं, असं. नुसतं "पर्यटन बघायचंय" लिहिलं तर डोंगर दाखवून पाठवतात. बचत गटाच्या बायका येणार असतील तर त्यांना चॉकलेटच्या युनिटमध्ये अर्धा दिवस द्या, तिथे कामाला बहुतेक बायकाच आहेत आणि भाषा येत नसताना सुद्धा त्यांचं आपसात जमतं. येताना शेंगदाण्याची चिक्की आणा, प्रश्न ३ मधल्या खडकाशेजारी ठेवून दाखवा.